काठाला मीठ लावून

दौंड, १९५८

प्रिय इनुस,

अनेक दुवा. दिवाळीच्या सुट्टीत येतोयस, वाचून जिवाला बरं वाटलं. अब्बांची तब्येत विचारली आहेस. अंगाने ठणठणीत आहेत. चालतात, हसतात, दाढीसुद्धा स्वतःच करतात. फक्त त्यांच्या लेखी दारूबंदी अजून आलेली नाही आणि आपलं घर म्हणजे ते बटलर होते तो रेल्वेचा क्लब आहे.

तिन्हीसांज झाली की खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून ग्रेपफ्रूट पिळायला बसतात. म्हणजे आपलं पपनस. शेजारची भामाबाई केंदूरहून भावाकडून आणते, ग्रेपफ्रूट मी आता आणू कुठून? जिन दारूच्या जुन्या बाटलीत विहिरीचं पाणी भरून ठेवते, तेच ते रसात ओततात. त्या पेयाला साहेबलोक ग्रेहाउंड म्हणायचे. कुत्र्याचं नाव, बघ! आपल्या नमाजी अब्बांनी जन्मभर ते बनवलं, पण जिभेला कधी लावलं नाही. पिणाऱ्याच्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळायचं, जमलंय की नाही.

आता ते तोंड माझं. गार्डसाहेबांना नुसतं. ड्रायव्हरसाहेबांना ग्लासच्या काठाला साल चोळून वर मीठ. मेमसाहेबांना साखर आणि पुदिना, कधी सर्दी झाली असेल तर आलं. सगळे साहेब मीच, आणि माझे दात पार आंबून गेलेत. भामाबाई म्हणते, "सुगराबी, तुमी तर आख्खा क्लब पिऊन टाकला की वो!" तिच्यासोबत मीही हसते. ती गेली की रडते.

पहिल्या दिवशी मी ग्लास सारून म्हटलं होतं, अहो, मी सुगरा. बिचारे इतके ओशाळले! "माफी, मेमसाब" म्हणत मागे मागे सरकले. त्यांना वाटलं, पेय बिघडलं. साहेबांचं झाल्याशिवाय बटलर जेवत नाही. दुसऱ्या दिवशीही त्यांनी घास तोंडात घेतला नाही. तेव्हापासून मी त्यांना माझं नाव सांगत नाही. डॉक्टर म्हणतात, यावर औषध नाही. दर्ग्यात चादर चढवून झाली. मला काही म्हणजे काहीच सुचत नाही रे.

म्हणून हे आधीच लिहिते. दारात तुला बघून ते वाकून सलाम करतील. त्यांचे हात धरू नकोस, अब्बा म्हणून हाक मारू नकोस. सलाम घे, खुर्चीवर बस आणि ग्रेहाउंड मागव. तू पिईस्तोवर ते समोर उभे राहतील, त्यांना बसा म्हणू नकोस. ग्लास रिकामा कर आणि म्हण, अच्छा बना है. मग ते जेवतील.

तुझीच,
अम्मी