बसवलेल्या बाईची सीट

प्रति,
मा. उप प्रादेशिक परिवहन अधिकारी,
सातारा.

अर्जदार : बयाबाई केरबा कोळेकर, वय ७१, रा. म्हसवड, ता. माण.

विषय : म्हसवड–आटपाडी वडाप जीपसेवेत सुधारणा होऊन चालक राजवर्धन ऊर्फ पप्पू याची खोड मोडणेबाबत.

संदर्भ : अर्जदारांनी दि. ११ मार्च रोजी जीप स्टँडवर सर्वांदेखत पप्पूस दिलेला दम.

महोदय,

१. वडापची जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि रिकाम्या जीपमध्ये उतारू चढत नाहीत, हे आपण जाणताच. म्हणून चालक ओळखीची माणसे आत बसवून गाडी भरत आल्याचे दाखवतात आणि खरे उतारू आले की त्यांना उतरवतात. अर्जदार चार वर्षे पप्पूच्या गाडीत अशा बसत होत्या. म्हातारी दिसली की बायका बिनघोर चढतात. मोबदला चहा आणि भजी. एवढी चूक अर्जदारांस कबूल आहे.

२. दि. ९ मार्च रोजी आटपाडीहून निरोप आला, की धाकटी बहीण दगडाबाई हिचे काही खरे नाही आणि ती सारखे अर्जदारांचेच नाव घेते. अर्जदार सकाळी आठला पप्पूच्या गाडीत पुढे बसल्या. गाडी भरली, तसा पप्पू सवयीने म्हणाला, "आज्जे, उतर आता. सीट आलं." अर्जदार म्हणाल्या, "आरं, आज मी खरीच निघालीया. भन हाय माजी." पप्पू हसला. गाडीही हसली. "लय भारी नाटक करती म्हातारी," म्हणत त्याने दंडाला धरून खाली उतरवले. भाडे मुठीत होते, ते त्याने पाहिलेसुद्धा नाही.

३. दुसऱ्या जीपवाल्याने स्पेशलचे, म्हणजे एकटीसाठी गाडी नेण्याचे, बाराशे सांगितले. पप्पूची गाडी नवाला आटपाडीत पोहोचली. अकराला दगडाबाईने डोळे मिटले. दुपारच्या एसटीने अर्जदार गेल्या, तेव्हा अंगणात तिरडी बांधून तयार होती. "शेवटपतूर इचारत हुत्या, बया आली का म्हणून," असे तिच्या सुनेने सांगितले. (अर्जदारांनी येथे पप्पूस घातलेल्या शिव्या लेखनिकाने गाळल्या आहेत. त्यास अर्जदारांची संमती नाही.)

४. दि. ११ मार्चला दम दिल्यापासून अर्जदार रोज मुठीतले भाडे दाखवून पप्पूच्याच गाडीत बसतात आणि गाडी भरली की आपण होऊन उतरतात. एक उतारू कमी पडतो, गाडी खोळंबते, उतारू चिडून एसटीकडे वळतात. पप्पू आता पाया पडतो, "आज्जे, चुकलं, पोटावर मारू नगंस," म्हणतो. अर्जदारांस पाझर फुटलेला नाही. परंतु रोज चढउतार करण्यास गुडघे साथ देत नाहीत, सबब हे काम सरकारने हाती घ्यावे.

५. तरी प्रत्येक उतारूस बसतानाच भाडे घेऊन पावती द्यावी, म्हणजे खरा कोण आणि बसवलेला कोण ते कळेल. स्पेशलचे दर स्टँडवर फलकावर लावावेत. आणि पप्पूच्या गाडीतील पुढची सीट दर खेपेस आटपाडीपर्यंत मोकळी ठेवण्याचा आदेश व्हावा. ती भरलेली धरावी. न जाणारी माणसे बसवून गाडी भरता येते, तर जाऊ न शकलेल्या माणसाची सीट भरलेली धरण्यास हरकत नसावी. ती कोणाची, असे जो कोणी विचारील, त्यास पप्पूने दर वेळी स्वतःच्या तोंडाने सांगावे : "बयाबाईची हाय. तिला भनीकडं जायचं हुतं. मी उतरवली."

आदेश निघेपर्यंत स्टँडवरच बसून असलेली,

बयाबाई केरबा कोळेकर
(डाव्या हाताचा अंगठा)
दि. २ एप्रिल

लेखनिक : सुमंत

सोबत : दि. ९ मार्चचे एसटीचे तिकीट, एक.