माथ्यावर न फुटलेली बाटली

प्रिय इशबेल,

काल फोनवर तू रडलीस, ते मला मुळीच आवडलं नाही. म्हणे, "माझ्यामुळे तुझा शेवटचा डोंगर राहिला, बाबा." अगं, जरा ऐकशील? मला फोनवर धड बोलता येत नाही. तुझी आई म्हणायचीच, हा माणूस फोनशी बोलत नाही, भांडतो. म्हणून हे पत्र.

अख्ख्या स्कॉटलंडातले तीन हजार फुटांवरचे डोंगर चढता चढता माझे केस पिकले, आणि एकच उरला. शेवटच्या माथ्यावर सगळ्यांनी मिळून व्हिस्कीची बाटली फोडायची, तोवर बुचाला हात लावायचा नाही, हा आपला रिवाज. त्यासाठीच तर शनिवारी एवढी वरात निघाली होती. माझा जुना दोस्त हेक्टर, त्याच्या पाठीवर बॅगपाइप, ऊनाआत्याकडे मनुकांचा केक आणि बाटली माझ्या पिशवीत. लॉखच्या, त्या लांबलचक तळ्याच्या काठाने मी असा तोऱ्यात चाललो होतो की हेक्टर म्हणाला, "मर्डो, नवरदेवा, पायाखाली बघ, नाहीतर लग्नाआधीच बुडशील!"

मग पाऊस आला. वाटेतले दोन्ही धबधबे चढून वर पोचलो, तर ओढा फुगलेला. माथा समोर, हाकेच्या अंतरावर! मी म्हणालो, चला, उतरा पाण्यात. आणि तू आडवी आलीस. काठी पाण्यात घातलीस आणि तिच्यावरची ओली खूण माझ्या पायाला लावून दाखवलीस. गुडघ्याच्या वर. "गुडघ्यावर पाणी असेल तर माघारी फिरायचं, हे मला कोणी शिकवलं?" मीच शिकवलं होतं, तू एवढीशी असताना, याच लॉखपाशी. तेव्हा तू गाल फुगवून बसली होतीस, आता माझी पाळी होती. चारचौघांत ओरडलो, "तू कोण गं मला अडवणारी?" तू हललीसुद्धा नाहीस. उतरताना मी पाय आपटत तुझ्या पुढे पुढे चाललो. केक आपण गाडीत बसून खाल्ला आणि बाटली होती तशी घरी आली.

दुसऱ्या दिवशी पबमध्ये टोमणे सुरू. "काय मर्डो, बाटलीला हवा खायला नेली होतीस?" मी म्हणालो, हसा लेको! तुमच्यात एकाची तरी छाती झाली का मला अडवायची? माझ्या पोरीची झाली. हे बोलताना माझा ऊर भरून आला.

त्यानंतर डॉक्टरांनी माझे डोंगर कायमचे बंद केले, हे ऊनाआत्याने तुला सांगितलंच. म्हणजे तो डोंगर राहिला तो राहिलाच. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण काल तुझा फोन ठेवला, हेक्टरला बोलावलं आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बाटली फोडली. (डॉक्टरांना सांगू नकोस.) तो बिचारा घाबरला. "अरे, रिवाज मोडलास! माथा कुठाय?" मी म्हणालो, शनिवारी ओढ्याकाठी माझी पोर काठी रोवून उभी होती ना, तोच माझा माथा. मग त्याने बॅगपाइप काढला आणि शेजारच्यांची कुत्री भुंकायला लागली. तुझा वाटा बाटलीत ठेवलाय. लवकर ये.

तुझाच,
तुझ्या शब्दावर माघारी फिरलेला,
बाबा