मामा गेले, शिष्यवृत्ती आली

तीर्थस्वरूप मामांस, भाचीचा अगदी खाली वाकून नमस्कार.

तुमची प्रकृती कशी आहे? एरवी हे मी रीत म्हणून विचारते (आणि उत्तरात तुमच्या गुडघ्यांचं पानभर वर्णन वाचते), या खेपेला मात्र जिवापासून विचारतेय. का, ते पुढे येईलच. मामींनाही नमस्कार. त्यांचा रक्तदाब ठीक असेल तरच हे पत्र त्यांना वाचून दाखवा.

कॉलेजात माझा नंबर लागला हे आईने कळवलंच असेल. फीचा आकडा ऐकल्यावर बाबा शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." आमच्या घरातलं 'बघू' तुम्हाला ठाऊक आहे; स्वयंपाकघराला रंग द्यायचं मी दुसरीत असल्यापासून आम्ही बघतोय. महिनाअखेर फी भरली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आधी रडले, मग चिडले, मग शिष्यवृत्त्या शोधायला बसले. हुशार मुलांच्या शिष्यवृत्त्यांवर हुशार मुलं आधीच तुटून पडलेली (त्यांना दुसरा उद्योग काय!), म्हणून मी चमत्कारिक शोधल्या. मामा, लोक कशाकशाला पैसे देतात! उंच मुलींना, जुळ्यांना, बदकाचा हुबेहूब आवाज काढणाऱ्यांना. बदक मी करून पाहिलं. शेजारच्या काकू खोकल्याचं औषध घेऊन आल्या.

मग डावखुऱ्यांची एक सापडली. हा तर आपल्या डाव्या हातचा मळ, असं समजून आठवडाभर डाव्या हाताने लिहिलं, जेवले, केससुद्धा विंचरले. मुलाखतीत सही झकास झाली. तेवढ्यात बाईंनी चहा पुढे केला आणि माझा मेला उजवा हात आपण होऊन कपाकडे गेला. बाई म्हणाल्या, "चहा घेऊन जा हं."

शेवटी सापडली घड्याळजी संघाची. अट एकच, घरात कुणीतरी घड्याळजी हवा. तुमच्यासारखा मामा असताना मी बदकं करत बसले, म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा! जिन्यावरून वर गेले तर भिंतभर घड्याळं आणि टेबलामागे पाच म्हातारे. अध्यक्षांनी विचारलं, "मामा अजून दुकानात बसतात का?" मी म्हटलं, "नाही, मामा गेले."

'मुलाकडे, आमच्या दादाकडे राहायला' हे पुढे होतंच हो! पण तोवर अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे टिपले होते. सगळे उभे राहिले. दोन मिनिटं शांतता पाळायची ठरली, पण पाच मनगटांवर पाच वेगळ्या वेळा, त्यामुळे एक बसला की दुसरा त्याला डोळे वटारून उठवायचा. मी तीनदा तोंड उघडलं. दरवेळी खजिनदारांनी "रडू नको पोरी" म्हणत पाणी पाजलं. तिसऱ्या ग्लासापर्यंत माझ्या अर्जावर मंजुरीची सही झाली होती. बाहेर घड्याळजींचे दोन पुतणे ताटकळत होते, पण त्यांचे काका जिवंत, तेव्हा त्यांचं काय चालणार? लोकांवर काळ येतो पण वेळ येत नाही. तुमच्यावर दोन्ही आले नसताना कार्यभाग उरकला. मला वाईट वाटतंय, खरंच वाटतंय. पण मामा, मला शिकायचंय, आणि ते याच वर्षी.

तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य मागणारी,
तुमची भाची

ता. क. फी भरली. बाबांनी पावती दोनदा वाचली आणि उगाचच नाक शिंकरलं.

दुसरा ता. क. रविवारी सकाळी अध्यक्ष मामींचं सांत्वन करायला फोन करणार आहेत. नंबर मीच दिला. एवढं पाणी प्यायल्यावर डोकं चालतंय कुणाचं? मामी खोटं बोलत नाहीत, तेव्हा त्यांना बोलायला लावू नका. फोन वाजला की तुम्ही पिशवी उचलून बाजाराला निघा. मग त्यांनी "हे गेले" म्हटलं तर ते सोळा आणे खरं.

तिसरा ता. क. निघताना मात्र सवयीने दारातून "येतो गं!" असं ओरडू नका. पाचही म्हातारे काळजाचे नाजूक आहेत, आणि दुसऱ्या वर्षाचा हप्ता अजून यायचाय.