चांदभाईंच्या फाईलमधली ओळ

३ मार्च, सोमवार

मानसोपचाराच्या ओपीडीत मरणाची गर्दी. बाराच्या सुमारास टेबलाखाली वाकून घोटभर पाणी प्यायले. बाटलीचं झाकण लावतेय तोच चांदभाई आत! देवळाली प्रवऱ्याचे गादीवाले. तीन वर्षांपूर्वी उन्माद चढला तेव्हा दुकानातल्या सगळ्या गाद्या एसटी स्टँडवर फुकट वाटून आले होते. तेव्हापासून लिथियमवर आहेत, एकदम ठणठणीत. माझे लाडके पेशंट. असं काही असू नये म्हणतात, पण आहेत.

गोळ्या लिहून झाल्या. उठता उठता म्हणाले, "मॅडम, औंदा रोजे धरू का?" मी तोंड उघडणार तोच पुढे, "तुमी बी धरता ना?"

"हो," म्हणाले.

का म्हणाले! पहिल्या वर्षी कॅज्युअल्टीत चक्कर येऊन पडले, तेव्हापासून एकही धरलेला नाही. अम्मीलासुद्धा हे माहीत नाही. ती श्रीरामपूरहून रोज संध्याकाळी फोनवर विचारते, खजूर खाल्लास का. मी म्हणते, खाल्ला. आता स्वतः धरते म्हटल्यावर त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, की तुम्ही धरू नका? लिथियमच्या गोळ्या, मार्चचं ऊन, दिवसभर पाण्याचा थेंब नाही — औषध रक्तात साचून विष होतं, हे मला शिकवायला हवं का? दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट आहे मी! तरी एवढंच बोलले, "संध्याकाळी भरपूर पाणी प्या." खूश होऊन गेले.

५ मार्च

उद्या फोन करून सांगते. नंबर फाईलमध्ये आहे.

९ मार्च

नाही केला. वॉर्ड, सेमिनार, थिसिस... सबबींना काय तोटा!

१३ मार्च

चांदभाई ॲडमिट. हात थरथरतायत, उलट्या, जीभ जड, पायावर उभं राहवत नाही. रक्तातलं लिथियम एकच्या आसपास हवं, ते अडीचच्या वर. बायको, जहिरा, कॉटला धरून उभी. "नऊ रोजे धरले ह्यांनी, डॉक्टर. मी म्हनलं, इचारून धरा. तर म्हने इचारलंय."

सलाईन लावलं. मेडिसिनच्या लोकांना बोलावलं. हात चालत होते, डोकं बधिर.

आमच्या विभागप्रमुख वाघचौरे मॅडम म्हणाल्या, "उद्याच्या राउंडला जुनी फाईल हवी." रेकॉर्ड रूममधून मीच आणली. ३ तारखेच्या नोंदीखाली, सहीच्या वर, बोटभर जागा होती. तिथे लिहिलं — रोजे धरू नयेत असे समजावून सांगितले.

मी लिहिलं. अक्षरही छान आलं.

१४ मार्च

मॅडमनी ती ओळ भर वॉर्डात मोठ्याने वाचली. जहिरावर कडाडल्या, "डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं! घरात लक्ष नको?"

"मी त्या दिशी भाईर बसले हुते, मॅडम. मला ह्ये बोललेच न्हाईत." मग माझ्याकडे वळून, "तुमी सांगितलं हुतं?"

मी मान हलवली. होकारार्थी.

नंतर मॅडम मला म्हणाल्या, "नोंद ठेवलीस हे चांगलं केलंस." घशाखाली घास गेला नाही. हा माझा रोजा!

१५ मार्च

सकाळी ते अजून बरळत होते. आणि मला, लिहूनच टाकते, मला हायसं वाटलं! शुद्धीवर आले की खरं सांगतील ना. पेशंट बरा होऊ नये असं वाटणारी डॉक्टर. थू माझ्यावर.

१८ मार्च

आज उठून बसले. चहा मागितला, साखर कमी म्हणून कुरकुरलेही. मॅडमनी विचारलं, "रोजे धरू नका म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सांगितलं हुतं त्यांनी. मीच ऐकलं न्हाई."

मॅडम पुढे गेल्या. जहिराने मात्र चांदभाईंना फाडून खाल्लं. पोरींची लग्नं व्हायचीत, मी कुनाकडं बघायचं, माझ्याशी खोटं कशाला बोलला! ते खाली मान घालून ऐकत होते. मी शेजारच्या पेशंटचा चार्ट उगाच चाळत राहिले.

१९ मार्च

जहिरा डबा धुवायला गेली तेव्हा चांदभाईंना विचारलं, खोटं का बोललात.

"तुमचं शिक्शन व्हायचंय अजून, बेटा."

रडू आलं. म्हटलं, मी त्या दिवशीही खोटं बोलले होते. मी रोजे धरत नाही.

हसले! "त्ये कळलं हुतं की. ओठावर पानी हुतं तुमच्या."

"मग तरी धरलेत कशाला?"

"तुमी नगं म्हनाल्या न्हाई म्हनून. मागच्या डॉक्टरनी दोन रमजान नगं म्हनलं. म्या धरलं न्हाईत."

२० मार्च

ती ओळ खोडली. बाजूला खरं काय ते, सही, आजची तारीख. मॅडमकडे जायच्या आधी जहिराला सांगितलं. वाटलं, कानाखाली वाजवेल. ती उठली, कॉटपाशी गेली आणि चांदभाईंची माफी मागायला लागली.