जाणकाराची पसंती

२७ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
नवी वही. ठराव: रोज लिहायचं, खरं लिहायचं, चहाच्या आधी लिहायचं.

नोकरीत तीस वर्षं फायली चाळल्या, माझं मत कोणी विचारलं नाही. आता विचारतात. म्हणजे मी सांगतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दर महिन्याच्या एक तारखेला माझा कागद लागतो, 'जाणकाराची पसंती'. वर आवडलेल्या पाच वस्तू, खाली 'टाळावे असे' पाच. मोठ्या कंपन्यांचा माल मी हातात धरत नाही. फक्त लहान, घरगुती, एकट्यादुकट्याचे धंदे. त्या बिचाऱ्यांना माझ्याशिवाय आहे कोण?

चहा गार झाला. उद्यापासून चहाच्या नंतर लिहायचं.

२८ फेब्रुवारी
व्हिनेगरवाला घरी आला. निवृत्त बसड्रायव्हर, घरच्या घरी सफरचंदाचं व्हिनेगर करतो. हात जोडून उभा. म्हणाला, साहेब, एवढी कृपा करा, कागदावर माझं नाव नको. काय हा विनय! जाताना सहा बाटल्या ठेवून गेला. याला लाच म्हणतात हे मला कळत नाही असं नाही. मी लाच घेत नाही. बाटल्या ठेवून घेतल्या.

त्याला पहिला नंबर दिला.

१ मार्च
कागद लावला. दुकानदाराने खालचा भाग नीट दिसतोय ना ते दोनदा तपासलं. धंदेवाईक माणूस, पण शिस्तीचा.

५ मार्च
व्हिनेगरवाल्याने धंदा बंद केला. मागणी झेपली नसणार. मधवाल्याचंही मागच्या वर्षी असंच झालं होतं. आता तो कुलपं दुरुस्त करतो.

११ मार्च, दुपारी
घरात पसारा. हिची कँटीनची नोकरी गेल्यापासून ही संत्र्याचं मार्मलेड, म्हणजे सालीसकट मुरंबा, करते. बावीस वर्षं कँटीनमध्ये राबली, आता स्वयंपाकघरात राबते. ओट्यावर सालं, टेबलावर बरण्या, माझ्या खुर्चीवर साखर. मी म्हटलं, वर्तमानपत्र कुठे वाचू? म्हणाली, जिन्यात.

दुकानदाराने हिला शेल्फ दिला आहे. तीस बाटल्या, एप्रिलअखेरपर्यंत. खपल्या तर शेल्फ कायमचा, नाही तर बाटल्या उचला आणि विषय संपला. ही सकाळपासून तीन वेळा म्हणाली की हे जमलं नाही तर तिच्यात पुन्हा काही सुरू करायचं त्राण नाही. मी म्हटलं, मी असताना घाबरतेस कशाला? त्यावर आणखीच घाबरल्यासारखी दिसली.

१२ मार्च
अजून चाखलेलं नाही. परीक्षकाने घरचं चाखणं बरं दिसत नाही. शिवाय ही इतकी वर्षं स्वयंपाक करते आहे आणि मला कधी काही विशेष वाटलेलं नाही. पण कागदावर घेणं नवरा म्हणून कर्तव्य आहे.

२६ मार्च
बाटल्या शेल्फवर जाऊन चार दिवस झाले. अकरा खपल्या. जाहिरात नाही, काही नाही. माझा कागद लागला की बघा.

३१ मार्च, सकाळी ८
ही समोर बसली आणि म्हणाली, अहो, एक मागते. या महिन्यात माझ्याबद्दल काही लिहू नका. मी हसलो. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. बायकांना कौतुक सहन होत नाही.

१ एप्रिल
पहिला नंबर: आमचं मार्मलेड. आठ ओळी. 'जिभेवर सूर्योदय' हे शब्द मला आंघोळ करताना सुचले. न चाखता इतकं लिहिता येतं, याला म्हणतात अनुभव.

७ एप्रिल
विक्री शून्य. एक बाटली परत आली, सील न तोडता. लोक आळशी आहेत. आठ ओळी कमी पडल्या.

८ एप्रिल
पुरवणी लावली. दोन पानं, हिच्या फोटोसकट. ही आज जेवली नाही.

१२ एप्रिल
आणखी तीन परत. ही बोलत नाही. ताट आपटते. मेहुणा आला होता, हिचा धाकटा भाऊ, छपाईचं काम करतो. तो बोलतो. फार बोलतो. म्हणाला, भावजी, तुम्हाला खरंच माहीत नाही? मी म्हटलं, काय? त्याने ताईकडे बघितलं. दोघांनी दार लावून घेतलं.

१५ एप्रिल, सकाळी ११
दुकानदाराला जाब विचारला. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, मग सांगितलं. गिऱ्हाईक आत आलं की आधी माझा कागद बघतं, पण खालून वर. 'टाळावे असे' मधल्या वस्तू दोन दिवसांत संपतात. वरच्या पाचांना कोणी हात लावत नाही. मागे मी ज्या अक्रोडाच्या लोण्याची स्तुती केली, ते खाऊन समोरची आख्खी इमारत दोन दिवस आडवी झाली होती. तेव्हापासून. म्हणाला, साहेब, तुमच्याइतका भरवशाचा माणूस मी पाहिला नाही, एकदाही बरोबर ठरला नाहीत. तुमच्या कागदावर माझं दुकान चालतं, कृपा करून बंद करू नका.

लोकांना खालून वर वाचायची सवय लागली आहे. शिक्षणाची दुर्दशा, दुसरं काय.

१६ एप्रिल
ही बोलली. पंधरवड्यात पहिल्यांदा. म्हणाली, पुढच्या कागदावर मला खाली टाका. 'टाळावे असे' मध्ये. एवढं एकच करा.

मी स्पष्ट नकार दिला. खोटं मी लिहीत नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. ही म्हणाली, चाखलंत का तरी? मी म्हटलं, तो प्रश्न नाही. ही उठली आणि राहिलेली संत्री सोलायला घेतली. बोटांना चिरा पडल्यात, रस झोंबतो, तरी सोलत होती.

१७ एप्रिल
मेहुण्याने माझा फोटो काढला. विचारलं कशाला, तर म्हणाला, आठवण. चेहरा गोड ठेवायला गेलो तर म्हणाला, नको, लिंबू चावल्यासारखा करा. कलाकार लोक विक्षिप्तच. केला.

२२ एप्रिल
दुकानात गेलो. हिच्या शेल्फसमोर गर्दी. नवीन लेबल. त्यावर माझा फोटो, लिंबू चावतानाचा. खाली ठळक अक्षरांत: 'माझ्या नवऱ्याला आवडत नाही.'

मी तोंडात बोट घातलं. तेही लेबलसारखंच दिसलं असावं, कारण एक बाई फोटो आणि मी असं आलटून पालटून बघत म्हणाली, अय्या, खरे आहेत! तीन बाटल्या घेतल्या तिने.

२३ एप्रिल
वकिलाला विचारायचं ठरवलं.

२४ एप्रिल
वकिलाकडे गेलो. त्याच्या टेबलावर हिची बाटली होती.

२५ एप्रिल
तीसच्या तीस संपल्या. दुकानदाराने आणखी साठ मागितल्या आणि शेल्फ कायमचा दिला. ही ओट्यापाशी उभी राहून रडली. मी पाठीवर हात ठेवणार होतो, तेवढ्यात मेहुणा पेढ्यांचा बॉक्स घेऊन आत आला आणि ती त्याच्या गळ्यात पडली. मी हात टेबलावर ठेवला.

मग ही म्हणाली, शनिवारी साडेदहाला दुकानात उभं राहायचं. लोकांसमोर एक चमचा खायचा आणि तोंड वाकडं करायचं. शब्द बोलायचा नाही.

मी म्हटलं, विचार करतो. अर्थात जाणार. शेवटी लोकांना मी हवा आहे.

२९ एप्रिल, शनिवार, दुपारी १
निळा शर्ट घातला होता. चाळीसएक माणसं. हिने चमचा पुढे केला. मी तोंडात घातला.

खरं लिहायचं असा ठराव आहे, म्हणून लिहितो. आधी कडू, मग गोड, मग पुन्हा थोडं कडू, आणि सालीचा तुकडा दाताखाली आला तेव्हा मला कसंतरीच झालं. इतकं चांगलं मी आयुष्यात काही खाल्लेलं नाही. हे माझ्या घरात, माझ्या खुर्चीपाशी, दोन महिने शिजत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, छान आहे गं.

पुढच्या बाईने बाटली परत ठेवली. तिच्या मागच्याने ठेवली. हिचा चेहरा पांढराफटक पडला.

मी घास रुमालात थुंकला. थू थू केलं, पाणी मागितलं. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. त्या बाईने दोन घेतल्या.

घरी आल्यावर हिच्याकडे एक बाटली मागितली. नुसती चवीला. म्हणाली, सगळ्या ऑर्डरच्या आहेत. आणि तुम्हाला आवडत नाही, तसं छापलंय.

पुढच्या शनिवारी पुन्हा साडेदहा. निळा शर्ट इस्त्रीला दिला आहे. रुमाल धुवायला टाकायचा राहिला.