फाइलीत जे नाही

८ नोव्हेंबर
पोशीरला आलो एकदाच्या! आलो म्हणजे मी आणि आई. टेंपोवाल्यानं नेरळपासून इतके धक्के दिले की आईनं अडखळत्या जिभेनंसुद्धा त्याची हजेरी घेतली. गेल्या वर्षी तिचं डावं अंग गेलं, पण तोंडाचा पट्टा काही थांबलेला नाही. घर ऐसपैस आहे, मागे भात कापलेली शेतं, समोर माथेरानचा डोंगर. आईला सांभाळायला वरच्या वाडीतली बुधी येते. चहा पातळ केला म्हणून आईनं तिला पहिल्याच दिवशी नापास केलं. मी खूश आहे. नवी नोकरी, घरूनच काम आणि आई डोळ्यांसमोर.

११ नोव्हेंबर
बुधीनं विचारलं, दिवसभर काय बडवत बसता? मी सांगितलं, कंपनीला कुठले सर्व्हर, म्हणजे मोठे संगणक, हवेत ते फाइलीत लिहायचं, काळ्या पडद्यावर एक कमांड द्यायची, की दूर कुठेतरी क्लाउडवर ते उभे राहतात. एखादा बिघडला तर दुरुस्त करत बसायचं नाही. तो पाडायचा, फाइलीबरहुकूम नवा उभा करायचा. फाइलीत नसलेलं काही आढळलं, तर कमांड तेही पाडून टाकते. बुधीला हे फार निर्दयी वाटलं. आईनं विचारलं, मग मला कधी पाडतेस? तिघीही हसलो.

१४ नोव्हेंबर
माझ्याआधी याच घरात राहून हेच काम करणारा तालिब म्हणून कुणी होता. त्याचा कोड चाळताना ‘घर’ नावाचा फोल्डर सापडला. त्यात या घराचंच वर्णन आहे: भिंती, दारं, मोरीतला नळ. कंटाळला असेल बिचारा. गंमत म्हणून मी ‘नळ गळत नाही’ असं लिहून कमांड दिली.
नळ गळायचा थांबला. खरंच थांबला. आईनं त्याला बांधायला लावलेली चिंधी मात्र कुठेच नाही.

१७ नोव्हेंबर
तीन दिवस स्वतःला आवरलं. आज लिहिलं: नंदा, वय एकसष्ट, हातपाय ठणठणीत, बोलणं स्पष्ट. कमांडनं खात्री विचारली. मी ‘हो’ म्हटलं.
आई अंथरुणातून उठली आणि आपल्या पायांनी ओट्यापाशी गेली. मी ढसाढसा रडले. तिनं पदर सावरला आणि अदबीनं विचारलं, “आपण कोण? कुणाकडे आलात?”

१८ नोव्हेंबर
चूक माझीच. तिला मुलगी आहे हे लिहायचं राहिलं होतं. ते लिहिलं. आता ती मला वनिता म्हणते. मग ‘लाडानं वनू’ असं लिहिलं, तर वनू म्हणते.
संध्याकाळी तिचा डावा हात लोंबू लागला, जीभ अडखळायला लागली. मी घाबरले. कमांड पुन्हा दिली, आणि ती रोज आपोआप चालेल असं लावून टाकलं.

२१ नोव्हेंबर
आठवेल ते लिहितेय. तिचं माहेर, वालाचं बिरडं, बाबांचं आजारपण. दर वेळी एक आई जाते, दुसरी येते, आणि फाइल पाठ केल्यासारखी बोलते. चहा कसाही दिला तरी गुमान पिते. माझ्या जन्माआधीची आई मला ठाऊकच नाही. ती आता कुणालाच ठाऊक नाही.
बुधी दारातच थबकली. म्हणाली, “ताई, ही तुमची आय नाय. तिला कुटं ठेवली?”
त्या अठरा तारखेच्या संध्याकाळी हात लुळा पडला, जीभ अडखळली — ती माझीच आई परत येत होती. मीच तिला पुन्हा पाडून —

२३ नोव्हेंबर
बुधी आली नाही. घरमालक दशरथकाकांना विचारलं. म्हणाले, “कोन बुधी? वाडीवर अशी कुनी नाय.” तालिबचं विचारलं. त्यांच्या मते आमच्याआधी इथे कुणी राहिलंच नाही.
बुधी रोज या घरात वावरायची. आणि फाइलीत मी तिला लिहिलंच —

२४ नोव्हेंबर
कमांड थांबत नाही. सगळं करून पाहिलं. उद्याचा आराखडा पडद्यावर आलाय: नवं शून्य, बदल शून्य, पाडायचं एक.
आईची नोंद आहे. तिच्या नोंदीत माझं नावही आहे. पण मी — माझी अशी नोंदच नाही.

२५ नोव्हेंबर
स्वतःला लिहितेय. वनिता, वय चौतीस. हनुवटीवर व्रण — कशानं झाला? बोलायला कधी लागले, कशाला घाबरायचे, कुणाच्या कडेवर शांत व्हायचे — हे सगळं आईकडे होतं.
स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, लहानपणी मी कशी होते गं? तिनं मायेनं माझा हात हातात घेतला. म्हणाली, ते लिहिलेलं नाही, वनू.
हात तिच्या हातात होता, पण तिची बोटं आरपार —
वेळ नाही. एवढं तरी. वनिता. नंदाची मुलगी. आईची फार लाडकी हो