जेटवरचा नंबर

ता. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.
मी आणि बाबा ठीक. तुझ्या मात्र चार महिन्यांत चार ओळी नाहीत. एवढ्या मोठ्या वर्कशॉपचा फोरमन झाला की बहीण विसरायची, असा नियम आहे का? असो. बाबांनी आज जाहीर केलं, जुनी मोटरसायकल भंगारात द्यायची. मी महिन्याची मुदत मागून घेतलीय.

किका मारून नाकी नऊ येतात, आणि सुरू झालीच तर रेस सोडताच भकभक करून बंद. अकरा वर्षं हेच. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा मेकॅनिक म्हणून बाबांकडे लोक लांबून यायचे. घरच्याच गाडीपुढे हात टेकले, तेव्हा आपला कान गेला म्हणत त्यांनी गॅरेज बंद केलं. त्यांच्या मनातली ती हार गेली पाहिजे, म्हणून मला ती एकदा तरी नीट चालवून दाखवायचीय. काय तपासू ते लिही. लोभ आहे तसा राहू दे, आळस तेवढा सोड.
तुझी भिंगरी

ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.
टोमणा पोचला. आधी प्लग काढून रंग बघ. बदामी असेल तर ठीक, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर बदल, चोक पूर्ण परत जातो का बघ. सगळी ताकद किकवर काढू नकोस, गुडघा जाईल. बाबांना माझा नमस्कार सांग, किंवा नको सांगू. तुझ्यावर माझी माया आहेच.
तुझा दादा

ता. १६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.
प्लग काळा ठिक्कर. फिल्टर बदलला, चोक धड आहे. शेवटी कार्बोरेटर उघडला. बाबा स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, आतलं पेट्रोल सोडणारं पायलट जेट मी चाळीस वेळा साफ करून बसवलंय, नंबर बरोबर आहे, उगाच वेळ घालवू नकोस. मग उठून आत गेले. दादा, निम्मी मुदत संपत आलीय. आठवण ठेवून लगेच लिही.
भिंगरी

ता. २५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.
पाच दिवस हे पत्र लिहून फाडतोय. खाई त्याला खवखवे. जेटवरचा नंबर म्हणजे त्याच्या भोकाचं माप; नंबर बरोबर आहे, भोक बरोबर नाही. रेस सोडल्यावर लागणारं पेट्रोल त्यातूनच जातं. अकरा वर्षांपूर्वी, घर सोडायच्या आदल्या दिवशी मी ती गाडी मागितली होती. तुला कान नाही, तू काय गाडी सांभाळणार, असं बाबा गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. संध्याकाळी मी ते भोक बारीक ड्रिलने मोठं केलं. बघू यांचा कान, असं वाटलं. आठवड्यात सापडेल, चार शिव्या देतील, संपेल. पण घरातलंच माणूस असं करेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. गॅरेज बंद झाल्याचं तू कळवलंस आणि माझी जीभ उचलेना.

सोबत नवं जेट आहे, ते बसव. हे पत्र त्यांना दाखवायचं का, ते तूच ठरव. मला लाज वाटते. जमलं तर लोभ ठेव.
दादा

ता. २ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.
जेट बसवलं. दुसऱ्या किकला सुरू झाली, आणि रेस सोडली तरी एका लयीत चालत राहिली. बाबांना हाताला धरून आणलं. त्यांनी वाकून इंजिनाजवळ कान नेला आणि मला विचारलं, चालू आहे का? दादा, गेल्या वर्षभरात त्यांचे दोन्ही कान खरंच गेले. तुला काळजी नको म्हणून लिहिलं नव्हतं. मी मान हलवली, तेव्हा त्यांनी टाकीवर हात ठेवून पाहिलं.

तुझा इतका राग आला होता की पत्र फाडणार होते. पण ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांच्या हातातच दिलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. मला वाटलं, आता तुझं नाव टाकतात. तर म्हणाले, म्हणजे तेव्हा माझा कान बरोबर होता. मला दोष जेटचाच ऐकू येत होता, मीच नंबर बघून कानाला खोटं पाडलं. आणि लहान मुलासारखे रडले.

तू ये. त्यांनी बोलावलेलं नाही, मी बोलावतेय. आणि माफी मोठ्या अक्षरांत लिहून आण. तोंडाने मागितलेली त्यांना ऐकू जायची नाही.
भिंगरी